‘लागणे’ आणि ‘सुटणे’ : व्यसनमुक्तीनंतरची शेती

मराठीत व्यसन ‘लागते’, नोकरीही ‘लागते’, आणि झाडाला फळही ‘लागते’. तिन्ही ठिकाणी ज्याला ते लागते तो चतुर्थीत येतो. कर्तेपण त्याच्याकडे नसते. ‘लावणे’ म्हटले की मात्र कर्ता पुढे येतो : सोबती व्यसन लावतो, शेतकरी रोप लावतो. ‘सुटणे’ आणि ‘सोडणे’ ही अशीच जोडी होय. ‘त्याने दारू सोडली’ हे वाक्य एकाच माणसाविषयी वर्षातून चार वेळा उच्चारता येते. ‘त्याची दारू सुटली’ असे मात्र गाव पुष्कळ दिवस पाहून मगच म्हणते. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाने शाश्वत शेतीत उपजीविका शोधावी, असे अलीकडे सुचविले जाते. या सूचनेतील बळ आणि अडचण ही दोन्ही या क्रियापदांमधील अंतरात सापडतात.

डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रात निवासी उपचार आठवड्यांत मोजले जातात, पाठपुराव्याची गणना वर्षांत होते. घरी परतलेल्या माणसाने दारू सोडलेली असते, ती सुटलेली नसते. दिवसाचे जे तास पिण्यात जात, ते आता रिकामे असतात. सेंद्रिय शेतीतील कित्येक कामे लहान, रोजची आणि चुकवता न येणारी आहेत. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीतील जीवामृत घ्या : २०० लिटर पाण्यात सुमारे १० किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ व मूठभर माती घालून ते सावलीत ठेवावयाचे आणि रोज ढवळावयाचे. गांडूळखताचा ढीग ओला राखला तर साधारणतः दीड ते दोन महिन्यांत खत हाती येते. ज्याचा स्वतःच्या शब्दावरचा विश्वास उडालेला असतो, त्याला दोन महिन्यांत दिसणारे फळ हवेच असते.

तथापि रानात गेले की माणूस आपोआप निर्व्यसनी होतो, ही शहरी समजूत आहे. गूळ, मोह, ताडी ही शेतशिवारातलीच. (कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात ‘व्यसन’ या शब्दाखाली मद्यपानाबरोबर दुष्काळही घेतला आहे.) पीक विकल्यावर एकदम हाती येणारी रोकड आणि उन्हाळ्यातले रिकामपण हे दोन्ही धोक्याचे काळ होत. घरात विषारी कीटकनाशकाची बाटली नसणे हा मात्र या शेतीचा लाभ हिशेबात सहसा धरला जात नाही. खचलेल्या माणसाच्या घरी तो थोडा नव्हे.

खरी कसोटी दाखल्याची. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांसाठी किमान दोन व बहुवर्षायू पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरण काळ पाळावा लागतो. या काळात उत्पन्न घटू शकते आणि ‘सेंद्रिय’ म्हणून वाढीव भावही मिळत नाही. ज्याची जमीन दारूपायी गहाण पडली आहे, त्याने प्रथम दुसऱ्याच्या रोपवाटिकेत किंवा खतप्रकल्पावर मजुरी करणे शहाणपणाचे. नियमित मजुरी बुडीत हंगामापेक्षा बरी.

लहान शेतकऱ्यांसाठी सहभागी हमी पद्धतीचा मार्ग आहे. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट असतो, आणि सभासद एकमेकांची शेते पाहून एकमेकांविषयी ग्वाही देतात. एकाने लपून युरिया टाकला तर साऱ्या गटाची पत जाते. अशा गटात, काल-परवापर्यंत उधारी बुडविणाऱ्याला कोण घेणार? येथे त्याच्या स्वतःच्या ‘सोडली’ला किंमत नाही. पाचांपैकी चौघांनी ‘सुटली’ म्हणावे लागते. आणि ते बहुधा त्याच्या तोंडाकडे न पाहता बांधावर उभे राहून, त्याची माती हातात घेऊन ठरवितात.