आधीं संसार, मागाहून लग्न

विवाहाचे प्रकार आठ, हें आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणींच ऐकलेलें असतें. ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस आणि पैशाच अशीं त्यांचीं नांवें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत आलेलीं आहेत. पहिल्या चारांची तेथें स्तुति आहे व पुढील चारांस निंद्य ठरविलें आहे. आपल्या घरीं होणारें कन्यादान ब्राह्म विवाहांत मोडतें, म्हणून बाकीचे सात प्रकार आतां पोथींतच उरले अशी आपली सहज समजूत होते. परंतु मुंबईहून आगगाडीनें आसनगांवास उतरावें आणि शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील एखाद्या पाड्यावर चार दिवस राहावें, म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. वधूपित्यास शुल्क देऊन आणलेली कन्या आणि परस्परांच्या इच्छेनें एकत्र नांदूं लागलेलें जोडपें, हे दोन्ही प्रकार तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें त्या लोकांस वाटत नाहीं. ह्या दोन तालुक्यांत आमची मास्तरकी झाली. त्या काळांत जें पाहिलें व पुढें जें वाचलें, तें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. विषय नाजूक खरा. तथापि घरांतील स्त्रीपुरुषांनीं एकत्र बसून वाचण्यास संकोच वाटावा असें त्यांत कांहीं नाहीं.

माहुलीच्या किल्ल्यापासून नाणेघाट व माळशेज घाटापर्यंत सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीवर हा मुलूख पसरला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला, तरी हे दोन तालुके ठाणें जिल्ह्यांतच राहिले. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापुरांत आहेत. पण त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायकांस हंडाभर पाण्यासाठीं दूरवर पायपीट करावी लागते. महादेव कोळी, क ठाकूर, म ठाकूर, वारली व कातकरी अशा जमाती येथें राहतात. कातकऱ्यांविषयीं वेलिंग यांचा ग्रंथ १९३४ सालीं, वारल्यांविषयीं के. जे. सावे यांचा १९४५ सालीं आणि सह्याद्रींतील ठाकरांविषयीं ल. ना. चापेकर यांचा १९६० सालीं प्रसिद्ध झाला. तिन्ही ग्रंथ इंग्रजींत असल्यामुळें आपल्या घरांत ते फारसे पोंचले नाहींत. ह्या जमातींचे आचार सर्वस्वीं एक नाहींत, पण कांहीं गोष्टी थोड्याबहुत फरकानें सर्वांत आढळतात. त्यांचाच येथें विचार करूं.

पहिली गोष्ट देजाची. मुलगी मागावयास मुलाकडील मंडळी जातात. एका कुळांत लग्न होत नाहीं. आपल्या सगोत्रनिषेधासारखाच हा निर्बंध असून तो कडक पाळला जातो. कूळ तपासून झालें व मुलीकडून रुकार आला, म्हणजे दोहोंकडील जाणती माणसें बसून देज ठरवितात. रोख रक्कम, भात व लुगडीं अशा रूपानें तें मुलाच्या बापानें मुलीच्या बापास द्यावयाचें. मनूनें कन्येच्या पित्यास अल्पही शुल्क घेण्याची मनाई केली असून, घेणाऱ्यास अपत्यविक्रय करणारा म्हटलें आहे. ह्या वचनाच्या आधारानें आपण पाड्यावरील बापास मुलगी विकणारा ठरवून मोकळे होतों. पण महाभारतांत माद्रीसाठीं भीष्मानें शल्यास सोनें व रत्नें दिलीं, आणि शल्यानें हा आमचा कुलधर्मच आहे असें सांगून तीं घेतलीं, ह्याचा मात्र आपणांस विसर पडतो. फार मागें तरी कशास जावें? गोविंद बल्लाळ देवलांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें तें ब्राह्मण घरांतील कन्याविक्रयाचेंच नाटक होय.

दोहोंत भेद मात्र मोठा आहे. शारदेच्या कथेंत पैसा बापाच्या लोभापायीं घेतला जात होता, आणि मुलीस तोंड उघडण्याची मुभा नव्हती. पाड्यावरील मुलगी लावणी, कापणी, लांकूडफाटा, मासळी अशीं सर्व कामें करते. ती गेली म्हणजे बापाच्या घरचे दोन हात जातात, आणि देज ही त्या दोन हातांची भरपाई समजली जाते. ज्या तरुणापाशीं देज देण्याची ऐपत नसते, तो घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतांत कांहीं वर्षें राबतो व तें ऋण अंगमेहनतीनें फेडतो. जिला आणण्यासाठीं कांहीं मोजावें लागतें, ती घरास ओझें वाटत नाहीं. मुलगी झाली म्हणून कपाळास हात लावणारा बाप आम्हांस त्या पाड्यांवर क्वचितच भेटला.

दुसरी गोष्ट वाचकांस अधिक विचित्र वाटेल. बोलणें पक्कें झालें, म्हणजे पुष्कळ ठिकाणीं मुलगी नवऱ्याच्या घरीं नांदावयास येते. लग्नविधि पुढें केव्हां तरी, कणगींत भात व हातांत पैसा असेल तेव्हां व्हावयाचा. तो वर्षभरानें होईल, किंवा वीस वर्षांनींही होईल. मध्यंतरीं मुलें होतात व तीं मोठीं होतात. वारल्यांत आईबापांचें लग्न लागल्यावांचून मुलाचें लावणें बरें समजत नाहींत. म्हणून एकाच मांडवांत आधीं आईबापांस हळद लागते आणि मग मुलास, असेही प्रसंग घडतात. आपणांस हंसूं येईल, पण त्या मांडवांत कोणी हंसत नाहीं. अशा जोडप्याच्या मुलांस कोणी अनौरस म्हणत नाहीं. तरुण-तरुणींनीं एकमेकांस पाहावें, आवड सांगावी, ह्यासही तेथें वाव आहे. सुगीनंतर तारप्याच्या नाचांत हातांत हात गुंफून दोघेही एकाच फेऱ्यांत नाचतात. मात्र हा स्वैराचार नव्हे. कुळाचा निषेध मोडणाऱ्यास जात क्षमा करीत नाहीं, आणि एखादीस फसवून हात झटकूं पाहणाऱ्या पुरुषास पंच बोलावून जाब विचारतात.

हाच आचार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकासही आढळतो, हें पाहून कौतुक वाटतें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत इंकांचें राज्य होतें. १५३२ सालीं पिझारो नांवाचा स्पॅनिश सरदार तेथें सैन्य घेऊन गेला व तें राज्य बुडालें. इंका राजा सख्ख्या बहिणीस पट्टराणी करी. सामान्य प्रजेस मात्र तशी मोकळीक नव्हती. स्पॅनिश पिता व इंका राजकन्या यांच्या पोटीं १५३९ सालीं जन्मलेल्या गार्सिलासोनें आपल्या १६०९ सालच्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, लग्नाच्या वयास आलेल्या तरुण-तरुणींस ठराविक काळानें एकत्र जमवीत, आणि राजा किंवा त्याचे अधिकारी त्यांचे हात एकमेकांच्या हातांत देत. डोंगरांतील शेतकरी लोकांत मात्र त्याआधीं स्त्रीपुरुष कांहीं काळ एकत्र नांदून पाहत. मन जुळलें तर लग्न. न जुळलें तर स्त्री माहेरीं परत जाई, आणि तिला किंवा तिच्या मुलास त्यामुळें बट्टा लागत नसे. स्पॅनिश पाद्र्यांनीं ह्यास पाप ठरविलें, तरी 'सिर्विनाकुय' ह्या नांवानें ती चाल विसाव्या शतकांतही टिकून होती. पेरूच्या डोंगरांतील शेतकऱ्याची आणि मुरबाडच्या ठाकराची कधीं गांठ पडली नाहीं. उतारावरच्या तुटपुंज्या जमिनींत दोघांचें मिळून पोट भरतें कीं नाहीं, हा प्रश्न दोघांपुढेंही आधीं उभा राहतो व समारंभाचा मागाहून, हेंच ह्या साम्याचें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

आतां प्रत्यक्ष लग्नाकडे वळूं. वारल्यांचें लग्न लावावयास ब्राह्मण लागत नाहीं. तें धवलेरी लावते. धवलेरी ही त्यांच्यांतीलच जाणती सवाशीण. लग्नाचीं लांबलचक गाणीं तिला मुखोद्गत असतात, आणि तीं गाऊनच ती विधि पार पाडते. लग्नापूर्वीं सवाशिणी घरांतील गेरूनें सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें पांढरा चौक काढतात. त्या चौकांत पालघाट देवीची आकृति असते. ती धान्याची, वाढीची व संततीची देवी. आज शहरांतल्या दिवाणखान्यांत शोभेसाठीं लावलेलीं वारली चित्रें दिसतात, त्यांचें मूळ ह्या लग्नचौकांत आहे. जिव्या सोमा मशे यांच्यामुळें ती कला जगभर गेली, व २०११ सालीं त्यांस 'पद्मश्री' मिळाली. परंतु पूर्वीं हें काम सवाशिणींचें होतें. वेद ऐकण्याचाही अधिकार स्त्रियांस नाहीं असें म्हणणारे शास्त्री आपल्याकडे होऊन गेले; डोंगरांत मात्र लग्नाचे मंत्रच स्त्रीच्या मुखांत आहेत.

तिसरी गोष्ट काडीमोडीची व पाटाची. पटलें नाहीं तर स्त्रीही नवऱ्याचें घर सोडूं शकते. तिनें दुसरा नवरा केला, तर पहिल्यानें दिलेलें देज दुसऱ्यानें भरून द्यावें, असा निवाडा पंच करतात. विधवेस पाट लावण्यास आडकाठी नाहीं. फक्त पहिल्या लग्नाचा थाट पाटास नसतो. पाट ही चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ जातींत जुनीच आहे. मराठेशाहींत तिच्यावर पाटदाम नांवाचा करही घेत असत. आपल्या घरांत काय होतें, तें वेगळें सांगावयास नको. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला, आणि १८९३ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्यावर मुरूडकरांनीं बहिष्कार घातला. जें आपल्याकडे एका महापुरुषाचें धैर्य ठरलें, तें पाड्यावर रोजचें व्यवहाराचें होतें.

ह्यावरून सर्वच गोड आहे असें मात्र कोणी समजूं नये. दारूपायीं होणारी मारहाण तेथें आहे, कोवळ्या वयांतील मातृत्व आहे, दुसरी बायको करणारे पुरुषही आहेत. पण सर्वांत मोठें दुःख लग्नाच्या खर्चाचें. देज, जातीचें जेवण, दारू, लुगडीं, ह्यांसाठीं पैसा कोठून आणावयाचा? सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून. शंभर-दीडशे रुपये उचलावे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरीं राबावें, अशी ही चाल. आणि ते फिटत नसत. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. तो तर गडी होईच, पण जिच्यासाठीं कर्ज काढलें ती नवी नवरीही त्याच्याबरोबर धन्याच्या घरीं राबे, आणि धन्याचा तिच्यावर वाईट डोळा पडला तरी दाद मागावयास जागा नसे. मुंबई सरकारच्या सायमिंग्टन नामक अधिकाऱ्यानें १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या अहवालांत ह्या लग्नगड्यांची हकीगत आली आहे. १९४५ च्या आरंभीं शेजारच्या कल्याण तालुक्यांत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षीं उंबरगांव-डहाणूकडे वारल्यांनीं वेठ व लग्नगडी ह्यांविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हां माणूस जागा होतो' ह्या १९७० सालच्या पुस्तकांत त्याचा वृत्तांत आहे. पुढें १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार देशभर बंद झाली. तरी पावसाळा संपतां संपतां वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन, तीच लग्नांत खर्चून, मग भिवंडी-कल्याणकडे भट्टीवर ती फेडावयास जाणारीं कातकरी जोडपीं आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचीं पोरेंही जातात, आणि दिवाळीनंतर वर्गांत त्यांच्या जागा रिकाम्या पडतात.

म्हणजे लग्न पुढें ढकलून आधीं संसार मांडण्याची जी चाल आपणांस अनाचार वाटते, तीच गरिबाचें संरक्षण होती. जो थांबला तो निदान मोकळा राहिला. ज्यानें कर्ज काढून लौकर बार उडविला, तो लग्नगडी झाला. कायद्यासही ह्या लोकांच्या रूढीची दखल घ्यावी लागली आहे. १९५५ चा हिंदु विवाह कायदा अनुसूचित जमातींस आपोआप लागू होत नाहीं. त्यांचे विवाह त्यांच्या रूढीप्रमाणेंच ग्राह्य धरले जातात. वयाच्या बाबतींत मात्र २००६ चा बालविवाहप्रतिबंधक कायदा सर्वांस सारखाच बांधतो, आणि तें योग्यच आहे.

अलीकडे ह्या पाड्यांवरही वारें बदललें आहे. मुलगे शिकले, नोकरीस लागले. लग्नांत मोठमोठे कर्णे वाजूं लागले, पत्रिका छापल्या जाऊं लागल्या, कोठें कोठें धवलेरीच्या जागीं भटजीही आले. ह्यांत दोष धरण्याचें कारण नाहीं. चांगले कपडे घालण्याचा व वाजतगाजत लग्न करण्याचा हक्क सर्वांस आहे. भय वाटतें तें एवढ्याचसाठीं कीं, आपलें अनुकरण करतांना आपला हुंडाही उद्यां तेथें जाईल. १९६१ च्या कायद्यानें हुंडा बंद झाला असें आपण म्हणतों, आणि मानपान, दागिने, कार्यालयाचा खर्च अशा नांवांनीं तो मुलीच्या बापाकडून वसूल करतों. ज्या घरांत आजवर मुलीसाठीं कांहीं मोजावें लागत होतें, तेथें ती खपविण्यासाठीं मोजावें लागूं लागलें, तर तिथल्या मुलीची किंमत किती उतरेल, ह्याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

आपण त्यांस सुधारावयास निघण्यापूर्वीं आपल्या घरच्या कार्याकडे एकदां पाहावें, हें बरें. एका दिवसाच्या थाटासाठीं वर्षांची कमाई घालविण्याचा धडा त्यांनीं कांहीं अंशीं आपल्याकडूनच घेतला आहे. ज्यांच्या घरीं पेटी भरलेली आहे, त्यांनीं जर लग्न चार माणसांत आणि ऐपतीच्या आंत उरकलें, तर पाहून शिकणाऱ्यांस निदान पाहण्याजोगें कांहीं मिळेल.