लिस्पमधलं फंक्शन ‘सेव्ह’ होतं म्हणजे काय होतं?

लिस्पमध्ये कोड म्हणजेच डेटा. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की इंटरप्रिटरमध्ये फंक्शन लिहायचं, चालतंय ना ते पाहायचं आणि फाइलीत छापून ठेवायचं, की झालं. एके काळी हे बरंचसं खरं होतं. लिस्पचे निर्माते जॉन मॅकार्थी यांच्या १९६० च्या मांडणीत फंक्शनची व्याख्या म्हणजे कंसांतली यादीच होती. पुढे इंटरलिस्प या लिस्पच्या बोलीत प्रोग्रामर मेमरीतल्या याद्यांमध्येच फेरफार करायचे आणि फाइल त्यांवरून तयार व्हायची.

आजच्या एसबीसीएल या कॉमन लिस्पच्या कंपायलरमध्ये मात्र ‘दुप्पट’ नावाचं फंक्शन लिहून ते ऑब्जेक्ट छापून पाहा. #< आणि > यांच्यामध्ये फक्त ‘फंक्शन दुप्पट’ एवढंच दिसतं, आणि ते परत वाचायला गेलं तर रीडर एरर देतो. कारण एसबीसीएल एरवी प्रत्येक व्याख्या लगेच कंपाइल करतं. मूळ यादी परत मागायची सोय कॉमन लिस्पच्या मानकात आहे, पण तिथे ‘निल’ हे उत्तरही नियमात बसतं. यादी मिळालीच, तरी कॉमेंट्स गेलेल्या असतात. रीडर त्या वाचतानाच टाकून देतो.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: फाइल पुन्हा लोड केली की सगळं फाइलीप्रमाणे होतं. ‘लोड’ फाइलीतल्या ओळी वरून खाली चालवतं, बाकी कशाला हात लावत नाही. फाइलीतून खोडलेलं फंक्शन मेमरीत जिवंतच राहतं. ‘डेफव्हार’ने एकदा दिलेली किंमत पुन्हा लोड करूनही बदलत नाही, त्यासाठी ‘डेफपॅरामीटर’ हवं. मॅक्रो बदललात, तर तो वापरणारी आधी कंपाइल झालेली फंक्शनं जुनाच विस्तार घेऊन बसतात. बग सुधारलाय, लोडही केलंय, तरी तो छळतोच, अशा वेळी पहिला संशय मॅक्रोवर घ्यावा.

मग अख्खी मेमरीच जपून ठेवली तर? एसबीसीएलमध्ये त्यासाठी ‘सेव्ह-लिस्प-अँड-डाय’ आहे. नाव भयंकर, पण प्रामाणिक: मेमरीची प्रत, म्हणजे इमेज, लिहून झाली की चालू प्रोसेस संपते. दुसरे थ्रेड चालू असतील तर ते आधी बंद करावे लागतात. प्रोग्राम झटपट सुरू व्हावा म्हणून ही सोय उत्तम. बॅकअप म्हणून नाही, कारण ती इमेज ज्या बिल्डने लिहिली त्याच बिल्डवर चालते. कंपाइल केलेल्या ‘फासल’ फाइलींचंही तसंच. एसबीसीएलची आवृत्ती बदलली की त्या नाकारल्या जातात आणि मूळ सोर्सवरून नव्याने कराव्या लागतात.