फ्लाइटमध्ये फुकट चांगली सीट: कधी मिळते, कधी मिळतच नाही

माल बघायला पहिल्यांदा दिल्लीला निघालो, तेव्हा मी वसईहून ब्लेझर घालून लोकल पकडली होती. कोणीतरी सांगितलेलं, नीटनेटका जा, काउंटरवर गोड बोल, बिझनेस क्लासला बसवतात. काउंटरवरच्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, "सर, या विमानात बिझनेस क्लासच नाहीये."

तर आधी हे बघा. अकासाच्या विमानांत वरचा क्लास नाही, इंडिगोच्या बहुतेक विमानांत नाही. एअर इंडियात आहे. पण तिथेही फुकट बढती मिळते ती मुख्यतः मागच्या क्लासची तिकिटं जागेपेक्षा जास्त विकली गेली तर, आणि तेव्हा नंबर सहसा नेहमीच्या मेंबरचा लागतो. साहजिक आहे. तुम्ही उरलेला माल रोज संध्याकाळी फुकट वाटलात, तर दुपारी कोण घेईल? म्हणून कंपन्या रिकामी सीट आधी कमी पैशांत किंवा बोली लावून विकायला बघतात. मेंबरशिप फुकट असते, ती घ्या आणि प्रत्येक बुकिंगला नंबर टाका. बस, ब्लेझर घरीच ठेवा.

आपल्यासाठी खरी बचत साध्या सीटवर आहे. वेब चेक-इनला स्क्रीनवर सगळ्या सीटना पैसे दिसले की लोक घाबरून भरतात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. तेव्हाच इंडिगोने स्पष्ट केलं की पैसे न भरणाऱ्याला एअरपोर्टवर सीट दिली जाते. मधली मिळेल कदाचित, पण मिळते. काउंटरवर "खिडकीची उरलीय का?" एवढं विचारायला लाजू नका. मला दोनदा मिळालीय.

आणि एक ठिकाण असं, जिथे बोलायची ताकद तुमच्याकडे असते. फ्लाइट ओव्हरबुक झाली तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे असतात. घाई नसेल तर तेव्हा हात वर करा आणि पुढच्या फ्लाइटला चांगली सीट मागून घ्या. जबरदस्तीने उतरवलं आणि तासाभरात सुटणारी दुसरी फ्लाइट दिली नाही, पण 24 तासांच्या आत दिली, तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकाराच्या दुप्पट भरपाई मिळते, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल 20,000.

अट एकच, तिकीट कन्फर्म हवं आणि तुम्ही वेळेत पोचलेले हवेत. अंधेरीपर्यंतच्या लोकलचा काही नेम नसतो, म्हणून मी वसईहून एक गाडी आधीचीच पकडतो.