देवळालीचा ताप आणि घरची बिअर

इंग्रजीत ‘डूलाली’ असा एक शब्द आहे. अर्थ, डोकं फिरलेला. तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथे पडून राहत आणि उन्हानं, रिकामपणानं त्यांची डोकी फिरत. पूर्ण शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’ असा होता. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला साधा ‘ताप’. २००९ साली पुण्यात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी कोरिंथियन्स हॉटेलात छोटी ब्रुअरी सुरू केली आणि तिला हेच नाव दिलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी ही एक. नळातून ताजी बिअर देणाऱ्या जागेला याहून चपखल नाव मिळणं कठीण.

मलाही हा ताप चढलेला आहे, पण देवळालीत नाही. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं अमेरिकेत पोर्टलँडला होतो, तिथे लागण झाली. त्या गावात एफ. एच. स्टाईनबार्ट नावाचं दुकान आहे, १९१८ सालचं. म्हणजे आपल्या उस्मानिया विद्यापीठाच्याच वयाचं. आत गेलं की किराणा दुकानासारखा वास येतो: भाजलेल्या धान्याचा. डब्यांतून जव, गहू, राय, हवं ते, हवं तेवढं काढून घ्यायचं, तिथल्याच गिरणीत भरडायचं आणि घरी न्यायचं. आमच्या बिल्डिंगमधला एक निवृत्त प्लंबर मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेला. पुढे सगळं त्यानंच शिकवलं.

बिअर म्हणजे काय, हे आपल्या स्वयंपाकघरातल्या माणसाला दोन मिनिटांत कळतं. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, हलके भाजायचे. हे झालं माल्ट. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार होतात ती पिष्टाची साखर करतात, पण त्यांना ठरावीक तापमान लागतं. भरडलेलं माल्ट साधारण ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पाणी गोड होतं. दोन अंश वर गेलात तर बिअर जड आणि गोडसर, दोन अंश खाली आलात तर हलकी आणि कोरडी. मग तो गोड काढा गाळून तासभर उकळायचा आणि त्यात हॉप्सची फुलं टाकायची. हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल, कडवटपणा आणि सुगंध तिचा. शेवटी काढा पटकन थंड करून त्यात यीस्ट सोडायचं आणि दोन आठवडे लुडबुड न करता गप्प बसायचं. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं.

सॉफ्टवेअरवाले या नादाला का लागतात, याचं उत्तर हायड्रोमीटरमध्ये आहे. आंबण्याआधी घनता १.०५० आणि नंतर १.०१० भरली, तर फरकाला १३१ ने गुणा, सव्वापाच टक्के अल्कोहोल. सगळं वहीत लिहायचं, पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलायची. स्टॅटिस्टिक्समधली ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ १९०८ साली ज्या विल्यम गॉसेटनं मांडली तो गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता आणि पीएच मोजपट्टी १९०९ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेनसननं तयार केली. बी.ई.च्या चार वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गणिताचा एखादा पेपर बरा गेला असता.

पण खरी मजा माणसांची. महिन्यातून एकदा सगळे आपापल्या बाटल्या घेऊन जमत. नर्स, शिक्षक, ट्रक चालवणारा, दोन-तीन आमच्यासारखे कीबोर्डवाले. प्रत्येकाची बिअर घोटभर चाखायची आणि तोंडावर दोष सांगायचे. लोण्याचा वास येतोय? यीस्टला काम पुरं करू दिलं नाहीस. हिरव्या सफरचंदाचा? घाई केलीस. केळं आणि लवंग? जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ते हवंच, पण इथे कुठून आलं? खोलीचं तापमान सांग. कोणी रागावत नसे. एवढा बेधडक अभिप्राय मला ऑफिसच्या कोड रिव्ह्यूतही मिळालेला नाही. आणि चाखणं म्हणजे घोटभरच. त्या खोलीत झिंगलेला माणूस मी पाहिला नाही, कारण झिंगलेल्याच्या जिभेवर विश्वास कोण ठेवणार?

तारनाक्याला परतलो तेव्हा ३० लिटरचं स्टीलचं पातेलं सामानातून आलं. त्यात आजवर बिअर शिजलेली नाही. दर कोजागिरीला मंडळाचं मसाला दूध मात्र शिजतं. कारण सरळ आहे. आपल्या राज्यघटनेत दारू हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे आणि तेलंगणाच्या उत्पादन शुल्क कायद्यानुसार परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःपुरती, पाच लिटर असली तरी. महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे वेगळं चित्र नाही. ‘कोण बघतंय’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, आणि ज्या सोसायटीत पापडाच्या वासाचीही चर्चा होते तिथे हॉप्स उकळणं लपेल असं वाटतही नाही.

नांदेडहून आई आली होती, तिला मी हे सगळं तापमान-घनतेसकट समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे दारूच ना रे?” हो, दारूच. आमच्या आधीच्या पिढीनं दारूपायी बुडालेली घरं पाहिली आहेत, आणि ‘क्राफ्ट’ हा शब्द लावून ती गोष्ट पुसता येत नाही. तिचा पुढचा मुद्दा जास्त वजनाचा होता: घरोघरी बनवायला लागले तर माणसं मरतील. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. आपल्या हैदराबादेत २०१४ साली ताडीची दुकानं पुन्हा उघडली आणि जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली भागात भेसळीच्या ताडीनं बळी घेतले.

मी या मुद्द्यावर बराच विचार केला. मालवणीत लोकांना मारलं ते मिथेनॉलनं. जव आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते घातक प्रमाणात तयार होत नाही आणि तिथे ऊर्ध्वपातनही नसतं. ताडीत मिसळतात ती गुंगीची औषधं, कारण झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त आणि पाण्यालाही नशा आणायची असते. दोन्हीकडे विष आलं ते विक्रीतून. जो माणूस स्वतःच पिणार आहे आणि बायकोला चाखायला देणार आहे, तो भेसळ कोणासाठी करेल? म्हणून मला वाटतं, विक्रीला पूर्ण बंदी ठेवून घरगुती बिअरला मर्यादित मुभा द्यावी. अमेरिकेत कार्टर यांनी १९७८ साली सही केलेला कायदा असाच आहे: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघे असतील तर घराला २००, विकायची नाही. मला तर त्याच्या दहाव्या हिश्शानं भागेल. त्या वेळी तिथे शंभरही ब्रुअरी नव्हत्या, आज नऊ हजारांच्या वर आहेत. त्यातले कितीतरी मालक आधी गॅरेजमध्ये पातेलं ढवळत होते. सिएरा नेवाडावाला केन ग्रॉसमन त्यातलाच. आईला अजून पटलेलं नाही. तिचं म्हणणं, आज बायकोला चाखायला, उद्या शेजाऱ्याला विकायला. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

तोवर हौस भागवायची तर कारागिराच्या दारी जायचं. तेलंगणानं मायक्रोब्रुअरीचे नियम २०१५ साली केले, आणि आता ज्युबिली हिल्सपासून गचिबावलीपर्यंत बऱ्याच ब्रुअरी आहेत. एकीनं तर शहराच्या एसटीडी कोडवरून ‘झीरो-फॉर्टी’ असं नाव घेतलंय. आमचं तारनाका दुसऱ्या टोकाला, पण निळ्या मेट्रोनं न बदलता हायटेक सिटी गाठता येते. गाडी घरीच ठेवा, हा यातला एकमेव कडक नियम समजा. आणि हो, वय २१ पूर्ण हवं.

शनिवारी रात्री जाऊ नका, गाण्यात काही ऐकू येत नाही. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी जा. पूर्ण ग्लास न मागवता छोटे नमुने मागवा, आणि ब्रुअर मोकळा असेल तर त्याला विचारा, माल्ट कुठलं, यीस्ट कुठलं, आंबवताना तापमान किती. बहुतेकांना हे विचारणारं कोणी भेटत नाही, त्यामुळे ते टाकी दाखवायलाच घेऊन जातात. मी आणि ऑफिसातले चार जण असे जातो, वही घेऊन. एकदा वेटरला आम्ही एक्साइजवाले वाटलो होतो.

सध्या माझा सगळ्यांना एकच प्रश्न असतो: ज्वारीची कधी? आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. आपल्याकडे राजेंद्रनगरला भरडधान्य संशोधन संस्था आहे, पाटणचेरूला इक्रिसॅट आहे, आणि ज्वारी आंबवण्याची सवयही आहे. आपली आंबील आणि इथली तेलुगू अंबली हे एकच घराणं. अडचण तांत्रिक आहे: ज्वारीचं पिष्ट जवाच्या पिष्टापेक्षा जास्त तापमानाला फुलतं, आणि तेवढ्या उष्णतेत एन्झाइम्स टिकत नाहीत. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून, निववून मग जवाच्या माल्टमध्ये मिसळावी लागते. एका ब्रुअरनं हा हिशेब माझ्या वहीत स्वतः लिहून दिलाय, शंभर लिटरच्या चाचणीसाठी. ज्वारी मात्र तुम्ही आणा म्हणाला. नांदेडला आईला फोन केला, तर ती म्हणाली, “पाठवते. भाकरीपुरती आधी बाजूला काढून ठेव.”