सेंद्रिय माल : आधी दाखला, मग सौदा

हळद, गूळ, डाळींच्या व्यापाऱ्यांकडे 'सेंद्रिय' मालाची मागणी येते. परंतु या शब्दाला कायद्याचे बंधन आहे. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये तिचे साहाय्य तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये होते. पैकी १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यात. योजनेतील बहुतेक गटांना मिळणारा पीजीएस दाखला देशातील बाजारापुरता चालतो. निर्यातीसाठी एनपीओपीचा दाखला लागतो. तो माल दळणाऱ्या, पॅक करणाऱ्यालाही घ्यावा लागतो. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार व्यापाऱ्याला दाखल्याविना पाकिटावर 'सेंद्रिय' छापता येत नाही. तेव्हा व्यापारी बांधवांनी जादा दर देण्यापूर्वी गटाचा दाखला व त्याची मुदत पाहावी. नुसत्या शब्दावर घेतलेला माल साध्या दरानेच विकावा लागेल.