आचारी, आचार्य आणि कोनी कंस

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. पान कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे आणि त्यासाठी एचटीएमएल शिकावे लागू नये, ही त्यामागची कल्पना होती. म्हणून विकीत सोप्या खुणा असतात. डोकुविकी या विकी-प्रणालीमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका टाकल्या की तो ठळक होतो. अशा खुणांमध्ये आपली भर घालायची तर प्लगइन लिहावे लागते. खूण ओळखणे सोपे असते. खरा कस लागतो तो खुणेच्या आतला मजकूर हाताळताना. त्यात डावा कोनी कंस आणि त्याला चिकटून रोमन अक्षर आले की ब्राउझर ती आज्ञा समजतो. असमानता लिहिणाऱ्या गणिताच्या शिक्षकाचे पुढचे अक्षर गायब होते आणि खोडसाळ माणसाला तिथेच आपली आज्ञा घुसवता येते. यावर उपाय एस्केपिंगचा: कंसाऐवजी त्याचे सांकेतिक रूप पाठवायचे. वाचकाला कंसच दिसतो, पण ब्राउझर तो आज्ञा म्हणून पाळत नाही.

हे एस्केपिंग मजकूर साठवताना करावे की दाखवताना? माझ्या मते दाखवतानाच. आत येणारा मजकूर दारातच धुऊन घ्यावा हा मोह स्वाभाविक आहे, कारण दार एकच असते. पण तो मजकूर पुढे पानावर जाणार, दुव्यात जाणार की छपाईच्या फाइलमध्ये, हे दारात ठाऊक नसते, आणि प्रत्येक ठिकाणची धोकादायक चिन्हे वेगळी असतात. पीएचपी भाषेने येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हापुढे आपोआप तिरपी रेघ लावून पाहिली. नको तिथे त्या रेघा उमटत राहिल्या आणि २०१२ साली, ५.४ या आवृत्तीत, ती सोय काढून टाकावी लागली. शब्द गाळणेही पुरत नाही. २००५ मध्ये मायस्पेस हे समाजमाध्यम घुसवलेल्या आज्ञा रोखण्यासाठी 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळत असे. त्या शब्दाच्या मधोमध नवी ओळ घालून गाळणी चुकवली गेली आणि 'सॅमी' हा आपोआप पसरणारा संगणकी किडा एका दिवसात दहा लाखांहून अधिक खात्यांवर पोचला. मराठीला तर गाळणी थेट जाचते. 'आचाऱ्याला' या शब्दातला अर्धा र अनेकदा एका अदृश्य जोडचिन्हाने टंकलेला असतो. अदृश्य चिन्हे संशयास्पद ठरवून पुसली की त्याचे 'आचार्याला' होते आणि स्वयंपाक्याचा निरोप गुरुजींना जातो. मूळ मजकूर गेलाच, तर तो पुन्हा मिळवायचा कुठून?

आक्षेप असा की बाहेर जाणाऱ्या वाटा अनेक, आणि एखादा प्लगइनकार एका वाटेवर एस्केपिंग विसरेलच. आक्षेप खरा आहे, म्हणून ही जबाबदारी माणसाच्या आठवणीवर सोडू नये. मस्टॅश या साचापद्धतीत दुहेरी महिरपी कंसातला मजकूर आपोआप एस्केप होतो. कच्चा हवा असेल तर मुद्दाम तिसरा कंस टाकावा लागतो. डोकुविकीतही 'हँडल' हा टप्पा मजकूर वेगळा काढतो आणि 'रेंडर' तो दाखवतो. एस्केपिंगची जागा दुसऱ्या टप्प्यात आहे. दुव्यांना मात्र एवढे पुरत नाही. 'जावास्क्रिप्ट' आणि अपूर्णविरामाने सुरू होणाऱ्या पत्त्यात एस्केप करण्याजोगे चिन्ह नसूही शकते, म्हणून तिथे मान्य सुरुवातींची यादीच ठेवावी लागते. आणि प्लगइन तपासताना कोनी कंस, अवतरणचिन्हे यांच्याबरोबर 'आचाऱ्याला' हा शब्दही साठवून परत वाचून पाहावा.