पुस्तकाची पंगत

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्या ४२ ‘रात्रीं’तून मुलांसाठी एक आनंदाचा दिवस सहज योजता येतो. २४ डिसेंबर हा गुरुजींचा जन्मदिवस त्यास योग्य होय.

प्रथम आपण ‘पत्रावळ’ हे प्रकरण वाचावे. मग पाने व चोया वाटून पत्रावळी लावण्याचा खेळ मांडावा. नियम एकच: ज्याने त्याने आपल्याच पत्रावळीवर जेवावे. नवशिक्याची पत्रावळ गळते. म्हणून आमटी न वाढता दडपे पोहे व लाडू वाढावेत. सजावटीसाठी कळ्या तोडू नयेत. ‘मुकी फुले’ वाचलेल्यास त्याचे कारण सांगावे लागत नाही.

ज्याला जमत नाही त्याला हसू नये, शेजारी बसून शिकवावे. श्यामलाही पत्रावळ आधी येत नव्हती.